क्वांटम पाळीव प्राणी : चित्रपुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

४ जून

आजपासून काम सुरू. बारा पानांची चित्रपुस्तिका. पानागणिक एक पाळीव प्राणी, आणि तो क्वांटम मेकॅनिक्सचा, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांच्या शास्त्राचा, एखादा नियम तंतोतंत पाळणारा. चित्रं मैत्रीण काढणार, मजकूर माझा. शाळेत मला भौतिकशास्त्र शिकवणारे सर प्रत्येक पान तपासून देणार आहेत. अकरा वर्षांची भाची पहिली वाचक.

अट एकच ठेवली आहे. विनोदातलं भौतिकशास्त्र काढून घेतलं तर विनोद कोसळला पाहिजे. तसाच उभा राहिला तर तो नुसता मांजराचा विनोद झाला, आणि तसे विनोद पुष्कळ आहेत.

ही अट का, ते लिहून ठेवते. 'मांजर जिवंतही आणि मेलेलंही' हे वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की त्यावर आता कोणी हसत नाही, फक्त मान डोलवतात. विनोद पेटीच्या झाकणापाशी येतो आणि तिथेच बसतो. मला वाटतं नियमाचा हात धरून शेवटपर्यंत चालत गेलं, तर प्रत्येक प्राण्यापाशी काहीतरी असं सापडेल की हसूही येईल आणि नियमही कळेल. ते सापडतं का, हेच या कामात पाहायचं आहे.

६ जून

पेटीतलं मांजर ज्यांचं, त्या भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांचा १९३५चा लेख पुन्हा काढून बसले. 'नाटुरविसेनशाफ्टन' या जर्मन नियतकालिकात तो तीन भागांत आला. एवढ्या लांब लेखात मांजराच्या वाट्याला आलाय एकच परिच्छेद. अगदी हास्यास्पद उदाहरणंही रचता येतात, अशी सुरुवात करून ते पेटी मांडतात. पोलादी पेटीत मांजर, किरणोत्सार टिपणारा गायगर काउंटर, आणि किरणोत्सारी पदार्थाचा इतकासा कण की तासाभरात त्यातला एखादा अणू फुटेल किंवा तितक्याच शक्यतेने एकही फुटणार नाही. फुटला तर हातोडी पडते आणि हायड्रोसायनिक आम्ल या विषाची कुपी फुटते.

मध्येच एक सूचना आहे: ही यंत्रणा मांजराच्या पंजात सापडणार नाही अशा बंदोबस्तात ठेवावी. हे वाक्य मी तीनदा वाचलं. टेबलावरची वस्तू मांजर कशी एका पंजाने हळूहळू कडेला सरकवतं ते ठाऊक असलेल्यालाच ही काळजी सुचेल.

म्हणजे क्वांटम मांजराचा पहिला विनोद खुद्द श्रोडिंगर यांचा, आणि तो त्यांनी तक्रार म्हणून केलेला. अणू फुटलेला आणि न फुटलेला अशा दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात असतो हे मान्य केलं, की ते धूसरपण अणूपाशी थांबत नाही. काउंटर, हातोडी, कुपी असं करत ते मांजरापर्यंत येतं, पेटी उघडून पाहीपर्यंत मांजरही जिवंत आणि मेलेलं असं दोन्ही ठरतं, आणि हे पटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आइन्स्टाइन यांनी त्यांना पत्रातून असंच एक उदाहरण दिलं होतं. त्यात मांजर नव्हतं. वर्षभरात कधीतरी आपोआप पेट घेऊ शकेल अशी बंदुकीची दारू होती. लोकांच्या लक्षात मांजर राहिलं.

पान १ ठरलं. मांजर मोठं काढायचं नाही. साखळी मोठी काढायची: अणू, काउंटर, हातोडी... आणि सगळ्यात शेवटी मांजर.

९ जून

मैत्रिणीने मेलेलं मांजर काढायला साफ नकार दिला. "अगं, लहान मुलं बघणार. मी नाही काढणार." माझंही मन होत नव्हतंच. मग जागं आणि झोपलेलं अशा दोन अवस्था घ्यायचं ठरलं. विषाची कुपी गेली, पण हातोडी कशावर पाडायची?

घंटेवर, असं तीच म्हणाली. आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा जुना प्रश्न आयताच समोर आला होता! पान १चा मजकूर तिथेच लिहून झाला:

उंदीर: मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?
अणू: मी बांधतो.
तासाभराने उंदीर: बांधलीस का?
अणू: बांधलीय आणि नाहीही.

अट लावून पाहिली. अणू काढून तिथे एखादा भित्रा उंदीर घातला तर ती टाळाटाळ होते. अणूच्या तोंडी मात्र ते पूर्ण खरं उत्तर आहे. पान पास.

१३ जून

पान सरांकडे नेलं. ते हसले, आणि मग चष्मा काढून ठेवला. चष्मा निघाला की चूक सापडलेली असते.

"घंटा वाजली तर आवाज पेटीबाहेर येईल की. मग उघडायचं काय राहिलं?"

मी म्हटलं, पेटी आवाजबंद करू. सर म्हणाले, "आवाज थांबवशील. पेटीतल्या हवेचं काय? जागं झालेलं मांजर उठून बसलं की हवेचे रेणू वेगळ्या ठिकाणी आपटतात. मांजराचं अंग गरम असतं, सुमारे ९ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश त्यातून सतत बाहेर पडत असतो. मांजर बसलंय की पसरलंय ते पेटीच्या भिंतींना आधीच कळलेलं असतं. तू झाकण उघडेपर्यंत बातमी सगळीकडे पसरलेली आहे."

हे डीकोहीरन्स. १९७० साली त्सेह यांनी आणि पुढे १९८०च्या दशकात झुरेक यांनी मांडलेली गोष्ट: मोठ्या वस्तूचं क्वांटम मिश्रण टिकत नाही, कारण भोवतालचा प्रत्येक रेणू, प्रत्येक फोटॉन तिची खबर घेऊन जात असतो. पाहायला माणूसच लागतो असं नाही. हवेने पाहिलं तरी पाहिलंच.

घरी येताना वाटेत एकदम आठवलं: मांजर डोळे मिटून दूध पितं. त्याला वाटतं आपण बघत नाही म्हणजे कोणीच बघत नाही. या विषयावर इतकी चपखल म्हण आपल्याकडे पडून आहे आणि आपण कुठे कुठे उपमा शोधत फिरतो! पान २ हेच. मांजर डोळे मिटून वाटीपाशी, आणि वाटी, फरशी, भिंत, हवेचे ठिपके, खिडकीतून आलेला प्रकाश या सगळ्यांना डोळे. मजकूर नाही. फक्त खाली ओळ: 'मी अजून दोन्ही अवस्थांत आहे, असं मांजराला वाटतं.'

पान १ तसंच ठेवायचं. मात्र आत पेटीच्या कोपऱ्यात हवेचा एक रेणू कान टवकारून बसलेला दाखवायचा. तो ज्याला सापडेल त्याला पान २ आपोआप कळेल.

१८ जून

बंद दारापुढचं मांजर. टनेलिंग.

क्वांटम कणाला भिंत ओलांडायला पुरेशी ऊर्जा नसली तरी तो पलीकडे सापडण्याची थोडी शक्यता असते. 'थोडी' म्हणजे किती, हे मांजरासाठी आज खरोखर मोजून काढलं. ४ किलोचं मांजर, ३ सेंटिमीटर जाडीचं दार, ऊर्जेची तूट १ ज्यूल धरली. उत्तर येतं ते असं: दशांशचिन्ह, त्यापुढे ७ वर ३२ शून्यं इतकी शून्यं, आणि मग कुठे पहिला आकडा. सेकंदाला एक शून्य लिहीत बसलं तर विश्वाच्या आजच्या वयासारखी दीड हजार लाख कोटींहून जास्त वयं लागतील, तीही फक्त शून्यं लिहायला.

मैत्रिणीने विचारलं, "किती शून्यं काढू?" म्हटलं, पानाच्या कडेपर्यंत काढ, मग मागच्या पानावर जाऊ देत, तिथूनही बाहेर पडू देत. मांजर दाराकडे एकटक बघत बसलेलं. खाली: 'प्रयत्न चालू आहे.'

सरांनी यात एक जोड दिली, ती सोन्यासारखी आहे. पान १च्या पेटीतला अणू फुटतो तोही टनेलिंगनेच. अल्फा कण केंद्रकाच्या ऊर्जेच्या भिंतीतून असाच पलीकडे निसटतो, हे १९२८ साली गॅमो यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी दाखवलं. म्हणजे जे मांजराला जमत नाही तेच त्याच्या पेटीतला कण करतो आणि त्याची झोपमोड करतो. दाराच्या फटीतून एक अल्फा कण आरामात बाहेर पडताना दाखवू. मांजर त्याच्याकडे बघतंय.

२२ जून

बाद केलेल्या कल्पना, पुन्हा त्याच सुचू नयेत म्हणून.

गुंतलेली दोन पिल्लं: एकाने शेपूट हलवलं की हजारो किलोमीटरवर दुसऱ्याचं हलतं. बाद. एंटँगलमेंटने, म्हणजे दोन कणांच्या अवस्था अशा एकमेकींत गुंतण्याने, निरोप जात नाही. दोन्हीकडच्या नोंदी नंतर शेजारी ठेवल्या तरच त्यांची जुळणी दिसते. ही चूक इतकी पसरलेली आहे की तिला आपल्या हातून आणखी एक चित्र मिळायला नको.

अनिश्चिततेचं मांजर: 'कुठे आहे ते कळलं तर किती वेगाने पळतंय ते कळत नाही.' बाद, कारण हे साध्या मांजरालाही लागू आहे. आकडा मात्र काढून पाहिला. ४ किलोच्या मांजराची जागा १ मिलिमीटरपर्यंत पक्की केली, तर हायझेनबर्ग यांच्या १९२७च्या तत्त्वानुसार वेगात जी किमान अनिश्चितता उरते, त्या वेगाने ते विश्वाच्या संपूर्ण वयात एखाद्या अणुकेंद्रकाच्या रुंदीइतकं सरकेल. मांजर सापडत नसेल तर कारण दुसरं आहे. हे भाचीला सांगितलं तेव्हा ती खूप हसली. पानासाठी जागा नाही, पण वाईट वाटलं.

३० जून

आजचा दिवस भाचीचा.

पान ४ असं लिहिलं होतं: मांजरं फर्मिऑन असतात. पाउली यांच्या १९२५च्या अपवर्जन तत्त्वानुसार दोन फर्मिऑन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, म्हणून एका खुर्चीवर एकच मांजर. चित्र: एक खुर्चीवर, दुसरं खाली गुरगुरतंय.

भाचीने वाचलं आणि म्हणाली, "मावशी, हे खोटं आहे. आमची दोन्ही मांजरं एकाच खुर्चीवर झोपतात."

मी समजावू लागले की हा विनोद आहे वगैरे. ती ऐकेना. तिने फोनमधला फोटो काढून दाखवला. एकाच गादीवर दोन मांजरं, वेटोळं करून, एकमेकांना घट्ट चिकटून. पण एकाचं तोंड इकडे आणि दुसऱ्याचं बरोबर उलट्या बाजूला. एकाची शेपटी दुसऱ्याच्या नाकाशी. "अशीच झोपतात नेहमी. सारख्या बाजूला तोंड करून कधीच नाही."

अणूतल्या एका कक्षकात दोन इलेक्ट्रॉन बसतात आणि त्यांचे स्पिन, म्हणजे फिरकीसारखा एक अंगभूत गुण, विरुद्ध दिशांना असतात. तिसऱ्याला जागा नाही. शाळेपासून हे पाठ आहे, चौकोनात वर-खाली बाण काढून काढून हात दुखलेत. ते बाण एका गादीवर केसाळ होऊन झोपलेले असतील हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मूळ पान रद्द. नवं पान: एक खुर्ची, दोन मांजरं उलट-सुलट, आणि तिसरं वरच्या फळीकडे बघतंय, कारण पुढची रिकामी अवस्था वरच्या ऊर्जेची.

सरांची एक दुरुस्ती, महत्त्वाची. गुरगुरणं काढायला सांगितलं. अपवर्जन म्हणजे एकमेकांना ढकलणं नव्हे, तिथे असं कुठलं बल नाही. तिसऱ्यासाठी तशी अवस्थाच शिल्लक नसते. म्हणून तिसरं मांजर रागावलेलं नको, शांत हवं.

पान ५ त्याला जोडून: कुत्र्याची पिल्लं बोसॉन, म्हणजे एकाच अवस्थेत कितीही राहू शकणारे कण. एका टोपलीत कितीही. आणि गारठा वाढला की सगळी एकाच कोपऱ्यात एकावर एक. १९२४ साली सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून आइन्स्टाइनना पाठवलेल्या लेखातून ही वाट निघाली. १९९५ साली कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या वर केल्विनच्या एक कोट्यंशाच्या आसपास, १७० नॅनोकेल्विनपर्यंत गार केले, तेव्हा ते खरोखर एकाच अवस्थेत गोळा झाले. थंडीत पिल्लं जशी कोण कुठलं ओळखू येत नाही अशी एक होतात, तसं. टोपलीवर थर्मामीटर काढायचा: '१७० नॅनोकेल्विन. बरं झालं, सगळे आलात.'

५ जुलै

एक पान विनोदाचं नाही, खऱ्या मांजराचं आहे. ते घ्यायचं की नाही यावर मैत्रिणीशी दीड तास बोलणं झालं. घ्यायचं ठरलं.

मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतले भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी १९७५ साली एक शोधनिबंध एकट्याने लिहिला, पण सगळीकडे 'आम्ही' असं लिहून. सहकाऱ्याने वाचून सांगितलं की लेखक एकच असताना 'आम्ही' लिहिलेलं ते नियतकालिक घेणार नाही, परत पाठवेल. तेव्हा टंकलेखन यंत्रावरचं काम. 'आम्ही'चं 'मी' करायचं म्हणजे पूर्ण निबंध पुन्हा टाइप करायचा. त्यांनी सहलेखक वाढवला: घरातलं सयामी मांजर चेस्टर. नाव दिलं एफ. डी. सी. विलार्ड. एफ. डी. म्हणजे फेलिस डोमेस्टिकस, सी. म्हणजे चेस्टर, आणि विलार्ड हे चेस्टरच्या वडिलांचं नाव. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'च्या २४ नोव्हेंबर १९७५च्या अंकात निबंध छापून आला. पुढे काही प्रतींवर दोघांच्या सह्या झाल्या, चेस्टरची पंजाच्या ठशाची. १९८० साली तर विलार्ड यांच्या एकट्याच्या नावावर फ्रेंचमध्ये एक लेख आला.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते निबंधाचा विषय. घन हेलियम-३ मध्ये अणू एकमेकांशी जागांची अदलाबदल कशी करतात, दोन-दोन, तीन-तीन, चार-चार मिळून. हेलियम-३चा अणू फर्मिऑन आहे. म्हणजे पान ४वरच्या खुर्चीचा कायदा ज्यांना लागू, त्यांच्या जागा बदलण्यावरचा निबंध, आणि त्यावर मांजराचं नाव! हे कोणी ठरवून केलेलं नाही. पान ११ला टाकू.

१२ जुलै

कुत्र्यात अडकले आहे. चार दिवस झाले.

कुत्रा झोपण्याआधी स्वतःभोवती फेऱ्या मारतो, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन यांचा स्पिन अर्धा असतो आणि अशा कणाला एक पूर्ण फेरी, म्हणजे ३६० अंश फिरवलं तर तो मूळ अवस्थेत येत नाही, त्याच्या तरंगाचं चिन्ह उलटं होतं. दुसरी फेरी झाली, ७२० अंश, की मग पहिल्यासारखा. तर कुत्रा दोनदा का फिरतो? कारण त्याचा स्पिन अर्धा आहे. एक फेरी मारून त्याचं समाधान होत नाही, कारण तो अजून पहिला कुत्रा झालेला नसतो.

मैत्रिणीकडचा कुत्रा झोपताना मी तीन संध्याकाळ मोजलं. गोधडीवर येतो, नाक खाली, एक फेरी, थांबतो, काहीतरी चुकल्यासारखा उभा राहतो, मग दुसरी, आणि धप्प. नेहमी दोनच नसतात, एकदा चार झाल्या. पण तो मधला थांबा! एका फेरीनंतरचं ते उभं राहणं बघण्यासारखं आहे. मैत्रिणीने त्याच क्षणाची नऊ रेखाटनं केली.

हे भाचीला शब्दांत समजेना. मग पेला घेतला. तळहातावर पाण्याने अर्धा भरलेला पेला, पेला सरळच ठेवायचा आणि हात काखेखालून आत वळवत पूर्ण एक फेरी द्यायची. पेला पूर्ण फिरला, पण हात पिळवटलेला, कोपर वर. आता त्याच दिशेने, या वेळी डोक्यावरून, दुसरी फेरी. हात सरळ! तिने तीनदा पाणी सांडलं, चौथ्यांदा जमलं, आणि हात सरळ झाला तेव्हा ती ओरडलीच. "दोनदा फिरवलं की सुटतं!"

चित्रात मात्र अजून काहीतरी कमी आहे. एका फेरीनंतरचा उलट्या चिन्हाचा कुत्रा कसा दाखवायचा? तो दिसायला तसाच असतो.

१४ जुलै

सरांनी सोडवलं. "एकट्या कुत्र्यावर ते चिन्ह दिसणारच नाही. न फिरलेल्या कुत्र्याशी गाठ घालून दे."

न्यूट्रॉनवर हे असंच केलं गेलं, १९७५ साली, दोन वेगवेगळ्या गटांकडून. न्यूट्रॉनचा तरंग दोन वाटांत विभागायचा, एका वाटेवर चुंबकीय क्षेत्राने स्पिन फिरवायचा, दुसऱ्या वाटेला काहीच करायचं नाही, आणि शेवटी दोन्ही एकत्र आणायचे. फिरवणं वाढवत नेलं की बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांची संख्या खालीवर होते आणि पहिल्यासारखी व्हायला ३६० नव्हे, ७२० अंश लागतात.

मी आधी लिहिलं होतं की एका फेरीने कुत्रा नाहीसा होतो. सरांनी तेही खोडलं. बाहेर पडायची दारं दोन असतात. तरंग एका दारी पुसला गेला तर दुसऱ्या दारी दुणावतो, कुत्रा कुठे जात नाही. म्हणून दोन गोधड्या, लाल आणि निळी. पान ६ आणि ७ जोडून मोठं चित्र: कुत्रा दारातून निघतो, दोन वाटांनी एकदम. खालच्या वाटेवर सरळ चालतो, वरच्या वाटेवर फेऱ्या मारतो. फेरी नाही: लाल गोधडी. एक फेरी: निळी. दोन फेऱ्या: पुन्हा लाल. आणि कडेला मालक हातात लाल गोधडीची उशी घेऊन आशेने म्हणतोय, "अजून एक फेरी मार रे, राजा."

हे पान मला सगळ्यात आवडतं. यातलं भौतिकशास्त्र काढलं तर खाली काहीच उरत नाही.

१९ जुलै

कुत्र्याचं शेपूट कितीही वर्षं नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. ही म्हण आल्याशिवाय पुस्तिका पुरी होणार नव्हती.

आधी क्वांटम झीनो परिणामासाठी साधंच लिहिलं होतं: 'बस' म्हटल्यावर कुत्रा बघत असेपर्यंत बसतो. अटीत नापास, सगळेच कुत्रे तसे बसतात. मग नळी सुचली. १९७७ साली मिश्रा आणि सुदर्शन यांनी दाखवलं की एखादी क्वांटम अवस्था बदलते आहे का हे पुन्हा पुन्हा तपासत राहिलं, तर ती बदलणंच थांबतं. कारण सुरुवातीच्या क्षणी बदलाची शक्यता वेळेच्या वर्गाने वाढते. समजा सेकंदाभरात शेपूट वाकडं होण्याची शक्यता १०० मध्ये १. मग दशांश सेकंदात ती १०,००० मध्ये १. सेकंदाचे दहा तुकडे करून प्रत्येक वेळी तपासलं, तर एकूण शक्यता १,००० मध्ये १ वर आली. तपास वाढवा, आणखी कमी. १९९० साली वाइनलंड यांच्या गटाने बेरिलियमच्या सुमारे ५,००० आयनांवर हे करून पाहिलं.

तर नळी म्हणजे सतत चाललेला तपास: सरळ आहे ना? आहे. सरळ आहे ना? आहे. पान ८ वर नळीच्या टोकाशी एक मुलगी तेच विचारते आहे, ओळीने वीस वेळा, आणि एकविसाव्या वेळी तिला शिंक येते.

शेपूट कसं, ते सांगायला नको.

२४ जुलै

पोपट. एका बैठकीत झाला, कारण 'पोपटपंची' हा शब्दच तयार होता. अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे १९८२ साली वूटर्स व झुरेक यांनी आणि वेगळेपणाने डीक्स यांनी सिद्ध केलं. क्वांटम पोपटाला 'ये' आणि 'जा' हे दोन शब्द नीट येतात, एकेकटे म्हणून दाखवतो. पण मालक 'ये' आणि 'जा' यांच्या मिश्रणात बोलला की नक्कल होत नाही. होतं असं की पोपट मालकाशी गुंततो: मालक 'ये' ठरला तर पोपट 'ये', मालक 'जा' ठरला तर 'जा'. नक्कल करायला गेला आणि जन्माचा बांधला गेला. पान ९. सरांनी एकही खूण केली नाही.

२८ जुलै

गोल्डफिश. मासा फार धावतो म्हणून मालक त्याला छोट्या भांड्यात ठेवतो, तर तो जास्तच धावतो. अजून छोटं भांडं, अजून जास्त. बंदिस्त कणाची किमान ऊर्जा कधीच शून्य होत नाही आणि पेटीची लांबी निम्मी केली की ती चौपट होते. चार भांडी, चार चित्रं. पान १० झालं.

५ ऑगस्ट

अकरा पानं तयार. बारावं रिकामं आहे. इतक्या खोट्या प्राण्यांनंतर, आजवर खरोखर दोन अवस्थांत ठेवलेली सगळ्यात जड वस्तूंपैकी एखादी तरी दाखवावी असं मनात आहे. २०२३ साली झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या गटाने नीलमाच्या स्फटिकातला १६ मायक्रोग्रॅमचा भाग एकाच वेळी दोन विरुद्ध तऱ्हांनी कंपत ठेवला. शास्त्रज्ञ अशा अवस्थेला 'मांजर-अवस्था'च म्हणतात. आपलं ४ किलोचं मांजर त्याच्या २५ कोटी पट जड आहे.

भाची म्हणाली, "मग तेच खरं क्वांटम मांजर. त्याला उशी द्या."

११ ऑगस्ट

मैत्रिणीने उशी फार सुंदर काढली आहे, मखमलीची, चार गोंडे असलेली. स्फटिक मूळ आकारातच हवा, यावर आम्ही दोघी अडून राहिलो. हिशेब केला: १६ मायक्रोग्रॅम नीलम म्हणजे एका बाजूने जेमतेम ०.१६ मिलिमीटरचा ठोकळा. छपाईच्या ३०० डीपीआयला (इंचात ३०० ठिपके) एका बाजूला दोन पिक्सेल, म्हणजे एकूण चार. तिने ते चार पिक्सेल निळ्या रंगाने भरले, भिंग लावून.

१६ ऑगस्ट

छापायच्या फाइल्स पाठवल्या. चाचणी प्रत आली. पान ३ ची शून्यं कडेला नीट कापली गेली आहेत, पान ७ वरची लाल गोधडी किंचित गुलाबी झाली आहे, तिचा रंग दुरुस्त करून पाठवला. बारावं पान उघडलं तर उशी रिकामी. धुळीचा कण समजून कोणीतरी तो साफ केला होता.

फाइलसोबत नवी सूचना जोडली, ठळक अक्षरात: शेवटच्या पानावरचा निळा ठिपका पुसू नये. चित्र तेच आहे.